जुना माल

“हे घ्या, तुमचा जुना माल,” म्हणत मिस्त्रींनी एक काळी प्लॅस्टिकची पिशवी माझ्या हातात दिली. आत तीन प्लग, पॉइंटचा सेट, कंडेन्सर, रोटर, डेल्कोचं, म्हणजे प्लगांना पाळीपाळीनं करंट वाटणाऱ्या डबीचं टोपण, कडक पडलेल्या प्लग वायरी आणि सगळ्यांच्या वर तेलकट, हाताला जड लागणारी कॉईल. गाडी गॅरेजच्या दारात चालू उभी होती. सबंध पावसाळा आम्हाला यवतेश्वरच्या घाटात ताटकळत ठेवणारी हीच ती बया, यावर विश्वास बसू नये इतका सरळ आवाज. मी पैसे दिले, चावी घेतली आणि जाता जाता विचारलं, “पण नेमकं गेलं काय होतं?” मिस्त्री बोटं पुसत होते. म्हणाले, “गेलेलं सगळं पिशवीत हाय की.” “हो, पण त्यातलं कुठलं?” “कुठलं तरी असंलच. आता सगळंच नवीन टाकलंय सर, निवांत जावा.”

गाडी घेऊन गेलो, पण निवांत काही वाटेना. पोवई नाक्याच्या सिग्नलला थांबलो तरी नजर शेजारच्या सीटवरच्या पिशवीकडे. एवढे आठ-दहा जण पकडून आणले, त्यातला चोर एकच, बाकीचे उगाच धरलेले. आणि चोर कोण हे कोणालाच नको आहे. रात्री पिशवी मी जिन्याखाली ठेवली. सकाळी हिनं ती भंगारवाल्यासाठी दाराशी आणून ठेवली. मी परत जिन्याखाली नेली. त्यावर घरात काही बोलणं झालं नाही, पण झाल्यासारखंच होतं.

गाडी म्हणजे जुनी ओम्नी. नव्वदीच्या सुरुवातीची, कार्ब्युरेटरवाली, पॉइंटवाली, ७९६ सीसीची, तीन सिलिंडरची. मागची सीटं काढून सुताराकडून प्लायची खाट करून घेतली आहे, खाली सामानाचे कप्पे, खिडक्यांना हिनं शिवलेले खणाचे पडदे, एक छोटी गॅसची शेगडी आणि मच्छरदाणीसाठी चार हूक. परदेशातल्या कॅम्पर व्हॅनचे व्हिडिओ बघून लोक हुरळतात तसले आम्ही हुरळलो होतो हे खरं, पण बामणोलीला तळ्याकाठी दार सरकवून, अंगावर चादर घेऊन, पहाटेचा चहा खाटेवर बसून प्यायलेला माणूस पुन्हा लॉजच्या खोलीत खूश होत नाही. या गाडीचं इंजिन पुढच्या सीटांच्या खाली. त्यामुळे इंजिनाला काही झालं की आधी माणसांना उठवावं लागतं. पंधरा वर्षं उलटून गेल्यावर दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन तिची तब्येत दाखवावी लागते, आणि दर वेळी तिथे कोणीतरी विचारतंच, “अजून ठेवलीय होय ही?”

दुखणं असं होतं. साताऱ्यात गाडी कितीही फिरवा, काही नाही. हायवेला खंबाटकीपर्यंत न्या, काही नाही. समर्थ मंदिरावरून वर यवतेश्वराकडे वळलं, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढ ओढायला लागली, की निम्म्या घाटात आधी एखादा झटका. मग दोन. आपण श्वास रोखून ॲक्सिलरेटर हलका करतो, ती सावरते. पाय दिला की पुन्हा झटका, आणि मग एखाद्या वळणावर एकदम बंद. सेल्फ मारा, इंजिन गरगर फिरतं, पण पेटत नाही. अर्धा तास थांबा. मग सेल्फ मारा. पहिल्या फटक्यात चालू, आणि कासपर्यंत हूं का चूं नाही. गॅरेजमध्ये नेली की तर विचारूच नका. तापाचं पोर दवाखान्याच्या पायरीवर खेळायला लागावं तशी.

अर्धा तास हा मोठा वाईट वेळ आहे. वैतागायला पुरेसा, आणि प्रत्येक शहाण्याचा उपाय खरा ठरायलाही पुरेसा. घाटात गाडी बंद पडली की माणूस एकटा राहत नाही. कणीस भाजणाऱ्या मावशींनी सांगितलं, बॅटरीच्या वायरी हलवा. हलवल्या. कणीस खाऊन झाल्यावर गाडी चालू झाली. एका सुमो जीपवाल्यानं इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओला फडका टाकायला लावला. पेट्रोलची वाफ होऊन अडकते म्हणाला, आणि ते काही खोटं नाही, जुन्या गाड्यांना खरंच होतं तसं. फडका टाकला. धुक्यातच तो वाळेपर्यंत गाडी चालू झाली. एका सद्गृहस्थांनी यवतेश्वराला नारळ बोला म्हटलं. हिनं बोलला. चालू झाली. ज्या दुखण्याला थांबणं हेच औषध, त्याच्यावर जगातला कुठलाही इलाज लागू पडतो, आणि इलाज करणारा आयुष्यभर शपथेवर सांगतो की मी बरी केली. आमच्या ओळखीत आता ओम्नी बरी केलेली माणसं बरीच आहेत.

त्यातून मेस्त्री आणि वायरमन यांच्यातली हद्द. गाड्यांच्या धंद्यात ही हद्द शेताच्या बांधापेक्षा कडक. इंजिन मेस्त्रीचं, वायरी वायरमनच्या. प्लगवर ठिणगी पडत नाही हे मग कोणाचं? मेस्त्री म्हणतो कॉईलपर्यंत करंट येतो का ते वायरमनला विचारा. वायरमन टेस्ट लॅम्प लावतो, बल्ब लागतो, तो म्हणतो आमचं काम इथपर्यंत. पुढं डेल्को, पॉइंट, टायमिंग, ते मेस्त्रीचं. मी दोघांच्या मधे, आणि दोघांच्याही दारात असताना गाडी मस्त चालू.

बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं: “विनवण्या करत बंद पडते का फाडकन?”

बाबांची नोकरी साताऱ्यातल्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये गेली. १९७५ साली कंपनी निघाली आणि इथल्या एमआयडीसीतून प्रिया स्कूटर बाहेर पडायला लागली, त्या काळातली ती माणसं. आमच्या आळीत प्रत्येक दुसऱ्या घरापुढे प्रिया होती आणि रविवारी सकाळी अख्खी आळी पाना आणि पॉलिश पेपर घेऊन ओट्यावर. डावीकडे स्कूटर आडवी करायची, मग किक. प्लग काढायचा, इंजिनच्या अंगाला टेकवायचा, आणि मला किक मारायला लावायचं. “दिसली?” म्हणून बाबा विचारायचे. दिसली म्हणजे ठिणगी. निळी, टचकन वाजणारी असेल तर प्लग परत बसवायचा आणि मग कार्ब्युरेटरकडे वळायचं. पिवळट, मरतुकडी असेल तर कार्ब्युरेटरला हातही लावायचा नाही. मी एकदा प्लगची टोपी ओल्या हातानं धरली होती. खांद्यापर्यंत बसलेला तो झटका अजून आठवतो, आणि बाबांचं हसणंही.

विनवण्या करत, का फाडकन. पेट्रोल कमी पडलं की गाडी आधी दमते. पिकअप जातो, घोगरी होते, आपण चोक ओढून, पाय हलवून तिला चार पावलं पुढं नेऊ शकतो. करंट तुटला की तसं नाही. तीन सिलिंडरचं चार स्ट्रोकचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ७५ ठिणग्या लागतात. त्या थांबल्या की थांबल्या. आमची आधी झटके खायची आणि मग फाडकन जायची. बाबा म्हणाले, पेट्रोलच्या मागे लागू नकोस. ओला फडका त्या दिवशी बाद झाला. नारळाबद्दल त्यांनी मत दिलं नाही.

पण करंट म्हटला तरी घर मोठं आहे. चावीतून निघालेली बॅटरीची १२ व्होल्टची वीज कॉईलच्या जाड वेटोळ्यातून जाते, तिथून डेल्कोतल्या पॉइंटांमधून बॉडीला. पॉइंट उघडले की ती तुटते, आणि त्या तुटण्यातच सगळी गंमत आहे: जाड वेटोळ्यातलं चुंबकत्व कोसळतं, शेजारच्या हजारो बारीक वेढ्यांत पंधरा-वीस हजार व्होल्ट उसळतात, मधल्या जाड वायरीतून रोटरवर येतात, रोटर ज्याची पाळी असेल त्या प्लगकडे तोंड करून उभा असतो. पॉइंटची उघडझाप अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. उघडताना तिथेच ठिणगी पडून तोंडं जळू नयेत म्हणून कंडेन्सर. एवढी साधी रचना की चार्ल्स केटरिंगनं १९१०च्या सुमारास डेल्को कंपनीत कॅडिलॅक गाड्यांसाठी ती बसवली आणि पुढची साठ-सत्तर वर्षं जगभरच्या पेट्रोल गाड्या, बारीकसारीक फरक सोडले तर, तिच्यावरच चालल्या. साधी आहे म्हणून दुखणंही साधं असेल असं मात्र नाही. यातला कुठलाही एक गडी दमला तरी वरून लक्षण एकच: झटके, आणि बंद.

पावसाळ्यात एका रात्री बाबा घरी होते तेव्हा त्यांनी अंगणातला दिवा घालवायला लावला. सीट उचलली, गाडी चालू केली आणि आम्ही दोघं इंजिनवर ओणवे झालो. अंधाराला डोळे सरावल्यावर प्लगच्या एका वायरीच्या कडेनं बारीक निळी केसं दिसायला लागली. मधेच उठायची, मधेच विझायची, बाजूच्या लोखंडाकडे वाकायची. हवेत पाऊस साचलेला, ओझोनचा तो ओला, टोचरा वास, गरम ऑइलचा वास, आणि बाबांचा गाल माझ्या गालाच्या इतका जवळ की त्यांच्या दाढीचे खुंट ऐकू यावेत. “गळतोय,” ते म्हणाले. करंट गळताना मी पहिल्यांदाच बघितला. वायरी पुसल्या, सुकवल्या, केसं गेली. दुसऱ्या रविवारी घाटात पुन्हा बंद.

म्हणजे वायरीत दोष होता, पण तो हा दोष नव्हता. जुन्या गाडीत हे फार अवघड. शोधायला गेलं की काही ना काही सापडतंच.

म्हणून मिस्त्रींना दोष द्यायला मी धजत नाही. त्यांचा हिशेब सरळ आहे. कंडेन्सर, रोटर, पॉइंट, सगळं मिळून जेवढ्याला येतं त्यापेक्षा एकेक बदलून, दर वेळी घाट चढून, बंद पडून परत येण्यात जास्त जातं. त्यात माझं पोर, माझी बायको, धुक्यातला घाट, पाठीमागून येणारी एसटी. “तुम्हाला कारण पाह्यजे का गाडी पाह्यजे?” हे त्यांनी तोंडावर विचारलं नाही इतकंच. हिनं विचारलं. मी म्हटलं दोन्ही. ती म्हणाली, गाडी मिळालीय ना. खरं होतं. गाडी मिळाली होती, कासला जाऊन आली होती, सप्टेंबरात गर्दीच्या आधी जाऊन आम्ही फुलंही बघून आलो होतो, वाटेत कुठेही न थांबता. कणीसवाल्या मावशींनी हातानं विचारलं, काय, आज नाही? मी हॉर्न वाजवून पुढे गेलो, आणि वळण पार पडलं तरी कान इंजिनाला लावलेलाच. सगळं नवीन आहे म्हणून चालतंय. पण का चालतंय हे माहीत नसेल तर का बंद पडेल हेही माहीत नसतं. रात्री-अपरात्री कोयनेच्या रस्त्याला मुलगी मागे खाटेवर झोपलेली असताना मला ते माहीत हवं होतं.

तर पिशवी बाहेर काढली. प्लग तिन्ही बघितले: टोकं फिकट तपकिरी, बिस्किटी रंगाची. पेट्रोल-हवेचं प्रमाण ठीक असल्याचा तो रंग. काजळी धरली असती तर पेट्रोल जास्त, पांढरे फटक असते तर कमी, किंवा इंजिन फार तापतंय. गॅपही शाबूत. प्लग निर्दोष सुटले. डेल्कोच्या टोपणात आतून भिंग लावून तडा शोधला. करंट एकदा तड्यातून गेला की काळी रेघ ओढून ठेवतो. रेघ नव्हती. पॉइंट मात्र चांगलेच जळलेले. एका तोंडावर खड्डा, समोरच्यावर तेवढाच टेंगूळ. याआधीही दर थोड्या महिन्यांनी मेस्त्री लोक पॉइंट घासून द्यायचे, नाहीतर बदलायचे, आणि “पॉइंट जळतात हो या गाडीचे” असं म्हणायचे, एखाद्याला सर्दी पटकन होते म्हणावं त्या सुरात. पॉइंट का जळतात, हा प्रश्न मीही कधी पुढं नेला नव्हता.

मग कॉईल. मीटर लावून अडथळा मोजला: जाड वेटोळं दीड ओहम. बारीक वेटोळं काही हजार ओहम, तुटलेलं नाही. माहितीप्रमाणे तब्येत ठणठणीत. पण दुखणं गरम झाल्यावरचं, तेव्हा हिला गरम करून बघायला हवं. रविवारी दुपारी सगळे झोपल्यावर कॉईल दोन प्लॅस्टिक पिशव्यांत घट्ट बांधली, वायरींची टोकं बाहेर ठेवली आणि भाताच्या जुन्या पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडली. पाणी उकळी येऊ न देता तापत ठेवलं. मीटरचा काटा, म्हणजे आकडा, सावकाश वर सरकत होता: दीडच्या पुढे, मग पावणेदोनही ओलांडलं. हात मीटरवर, तोंडावर वाफ, ओट्यावर पाना, आणि स्वयंपाकघराच्या दारात ही. “ते पातेलं,” ती म्हणाली, आणि पुढं काही म्हणाली नाही. ते पातेलं आता गाडीत असतं.

आकडा वाढला यात मात्र काही विशेष नव्हतं. तांबं तापलं की त्याचा अडथळा वाढतोच, अंशाला शेकडा ०.४च्या आसपास, पन्नास अंशांना वीस टक्के झाले. धडधाकट कॉईलही इतकी वाढली असती. खरी गोम अशी की मीटर आत सोडतो एखाददुसरा व्होल्ट, आणि कॉईलला काम करायचं असतं हजारो व्होल्टांचं. आतलं इन्सुलेशन कुठे विरलेलं असेल तर ते मीटरच्या व्होल्टाला कशाला वाट देईल? बाहेर काढून, प्लग मोकळ्या हवेत धरून ठिणगी बघितली तरी तेच. मोकळ्या हवेत ठिणगी सहज पडते. सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असते, तिथे तेवढ्याच फटीतून उडी मारायला जास्त व्होल्ट लागतात. आणि चढावर पाय पूर्ण दिला की आत सर्वांत जास्त हवा, सर्वांत जास्त दाब. म्हणून सपाटीवर धकतं आणि घाटात उघडं पडतं. यवतेश्वराचा घाट हे माझ्या मीटरपेक्षा चांगलं उपकरण होतं.

तेव्हा घाटच वापरायचा ठरवला. जुना एकेक भाग परत गाडीत बसवायचा, बाकी सगळं नवं ठेवायचं, आणि घाट चढायचा. काढलेला नवा भाग डॅशबोर्डवर. आधी वायरी, त्या दिवाळीच्या आसपासच्या कोरड्या हवेत मुकाट वर गेल्या. मग रोटर आणि टोपण. मग कंडेन्सर, ज्याच्यावर बाबांचा संशय होता. पॉइंट मुद्दाम शेवटाला ठेवले होते. ते बदलले की गॅप आणि टायमिंग दोन्ही पुन्हा जुळवावं लागतं, मग एकाच वेळी दोन गोष्टी बदलतात आणि पुन्हा पिशवीचाच खेळ. दर वेळी गाडी वरपर्यंत जायची आणि मी तोंड पाडून परत यायचो. शेजाऱ्यांना हे समजावून सांगणं मी सोडून दिलं होतं. गाडी बिघडवायला घाटात जातो असं कसं सांगणार?

कॉईलच्या वेळी ही बरोबर आली. कणीस खायचंय म्हणाली. चढ सुरू झाला, तिसरा गिअर, खाली सातारा आणि समोर अजिंक्यतारा उन्हात दिसायला लागले, आणि नेहमीच्या त्या वळणाच्या थोडं अलीकडे पहिला झटका बसला. मग दुसरा. मी पाय काढला नाही. तिसऱ्या झटक्याला गाडी फाडकन बंद पडली आणि मी “आली!” म्हणून ओरडलो. ही माझ्याकडे बघतच राहिली. हँडब्रेक, चाकाखाली दगड, सीट वर. कॉईलला हात लावला तर चटका. फडक्यानं धरून बारीक दोन वायरी आणि मधली जाड वायर सोडवली, डॅशबोर्डवरची नवी कॉईल लावली, सेल्फ मारला. लगेच चालू. अर्धा तास नाही, नारळ नाही, फडका नाही. इंजिन तेवढंच गरम, पेट्रोल तेच, घाट तोच, बदललेली वस्तू एक. “बंद पडल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी आजवर बघितला नाही,” ही म्हणाली, आणि मग कणीस खाता खाता स्वतःहून विचारलं, “म्हणजे आतून फाटली होती?” तिला मी सगळं सांगितलं. ऐकत होती. निम्मं तरी.

इथे संपायला हरकत नव्हती. पण त्याच आठवड्यात राधिका रोडला एका म्हाताऱ्या वायरमनकडे हेडलाइटच्या कामाला गेलो होतो, आणि जिंकलेला माणूस जसा कोणालाही धरून सांगतो तसं त्यांनाही सांगितलं. ते सोल्डर करत होते, मान वर न करता ऐकत होते. कॉईल किती दाखवत होती म्हणाले. मी म्हटलं, चांगली होती हो, दीड ओहम. त्यांनी सोल्डरिंगची दांडी खाली ठेवली.

“दीड? मग रेझिस्टर कुठाय?”

गाडीत रेझिस्टर नव्हता. म्हणजे कधीकाळी असेलही. कॉईलच्या पट्टीला स्क्रूचं एक रिकामं भोक होतं आणि चावीकडून आलेली वायर मधे जोडून टेप गुंडाळलेली, ती टेपसुद्धा इतकी जुनी की दगड झालेली. आधीच्या कुठल्या तरी मालकाच्या काळातलं काम. वायरमननी कागदाच्या कपावर पेन्सिलीनं आकडे मांडून दाखवले. कॉईली दोन जातीच्या. एक साधारण तीन ओहमची, तिला बॅटरीची वीज थेट द्यायची. दुसरी दीड ओहमची, तिच्या आधी तेवढाच बॅलास्ट रेझिस्टर लावायचा. सेल्फ मारताना बॅटरी नऊ-दहा व्होल्टांवर उतरते, त्या क्षणापुरता रेझिस्टर वगळून कॉईलला थेट वीज मिळते आणि थंडीतही ठिणगी जोरकस पडते. इंजिन चालू झालं की रेझिस्टर मधे येतो आणि कॉईलला हलकं करतो. रेझिस्टर काढून टाकला तर? बारा भागिले दीड. चारऐवजी आठ अँपिअर. सगळा वेळ. “कॉईल उकडणारच की. आणि पॉइंट? तेवढा करंट त्यांनीच तोडायचा ना दर वेळी?” पॉइंटवरचा खड्डा आणि टेंगूळ मला एकदम डोळ्यांपुढे आले. इतकी वर्षं सगळे पॉइंटला नाजूक म्हणत होते. पॉइंट बिचारे दुपटीचं ओझं उचलत होते.

“मिस्त्रींनी नवी कुठली टाकलीय?” मीटर लावला. तीन ओहम. वायरमन पुन्हा सोल्डरकडे वळले. “बराबर हाय मग. दुकानदारानं हातात हीच दिली म्हणून. ती दिली असती तर येत्या पावसाळ्याला परत घाटात होता तुम्ही, समदं नवीन टाकून.”

परत येताना मी मिस्त्रींकडे थांबलो. मुद्दाम नाही, वाटेवरच आहे. सगळं नवीन टाकून त्यांनी गाडी बरी केली होती, अगदी खरी बरी केली होती, आणि ती बरी होण्याचं श्रेय दुकानाच्या फळीवर पुढं असलेल्या खोक्याचं होतं, हे त्यांना सांगायचं की नाही यावर माझं दोन्ही बाजूंनी मत होतं. सांगितलं. खोक्याचा भाग वगळून, रेझिस्टरचा तेवढा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दीड आणि तीन हे आकडे दोनदा विचारले. चहा मागवला. मग गॅरेजच्या मागच्या बाजूला झाकून ठेवलेल्या एका जुन्या पद्मिनीकडे बोट करून म्हणाले, “हिला बी दर दोन-चार म्हैन्याला पॉइंट लागत्यात. मालक मलाच शिव्या देतो.” ते उठले, ताडपत्री ओढली, बॉनेट उघडलं आणि आत वाकूनच म्हणाले, “तो तुमचा मीटर गाडीत हाय का बघा की.”